काकावर गुन्हा नोंदवणाऱ्या माझ्या लेकीला

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

वनरक्षक म्हणून तू काकावर शिकारीचा गुन्हा नोंदवलास, त्यावरून काल रात्री जेवताना काकूचा फोन आला. आईने उचलला, थोडा वेळ नुसतं ऐकून घेतलं आणि माझ्या हातात दिला. "भाऊजी, वैशाखात पोरीचं लग्न आहे. व्याह्यांना काय तोंड दाखवू?" हेच ती फिरून फिरून म्हणत होती. शेवटी म्हणाली, "आबा असते तर हे असं झालं असतं का?" मी "बघतो" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतं बोलते आहे.

रविवारी तू ताट अर्धवट टाकून निघालीस. कसारा लोकल चुकेल म्हणालीस. लोकल चुकत नव्हती, मला वेळापत्रक पाठ आहे. "घरचा माणूस होता गं," एवढंच मी म्हणालो होतो आणि पुढचं तू बोलूच दिलं नाहीस. ते पुढचं लिहायला बसलोय. फोनवर आपण दोघंही एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाही.

तर पुढचं असं, की घरचा माणूस असूनही तू पंचनाम्यात त्याचं नाव घातलंस, ते बरोबर केलंस. गुन्हा मागे घे असं मी म्हणणार नव्हतो. ते तुझ्या हातात नसतं हेही मला कळतं. मला एवढंच विचारायचं होतं की त्या रात्री तुझ्यासोबत कोण होतं. एक वनमजूर आणि तू, असं तुझ्या दादाकडून कळलं. शिकाऱ्यांच्या जीपमध्ये काकासकट पाच जण, त्यातल्या एकाकडे बंदूक, आणि तुमच्याकडे काठ्या. असो. रात्रीच्या गस्तीबद्दल या पत्रात लिहायचं नाही, असं मी आईला कबूल केलंय.

काका गावभर सांगत फिरतोय, "मी बार काढला नाही, मी नुसती बॅटरी धरली होती." निम्म्या गावाला ते पटतंयसुद्धा. मी त्याला फोनवर सांगितलं, अरे, १९७२ च्या कायद्यात शिकार म्हणजे नुसता बार नव्हे. फास लावणं, जाळं टाकणं, हाका घालून जनावर पळवणं, आमिष ठेवणं, नुसता प्रयत्न करणं, सगळं शिकारीतच धरलंय. आणि कायदा राहू दे बाजूला, बॅटरी धरणारा नसेल तर बंदूकवाल्याला दिसणार काय? यावर तो गप्प झाला. हे सगळं मी तुला सांगतोय, जी हीच कलमं पाठ करून परीक्षा पास झाली. माफ कर. कंपनीत नव्या पोरांना शिकवण्यात इतकी वर्षं गेली, ती सवय सुटत नाही.

पण त्याची दुसरी बाजूही मी ऐकून घेतली, आणि तूही कधीतरी वर्दी उतरवून ऐकावीस असं वाटतं. आश्विनात भात कापायला आलं की डुकरांचा कळप एका रात्रीत अर्धं खाचर लोळवतो. खातो थोडं, तुडवतो जास्त. काका त्या दिवसांत माळ्यावर झोपतो, पत्र्याचा डबा बडवत रात्र काढतो, आणि सकाळी तरी शेजारच्या बांधाकडून शिरलेले असतातच. नुकसानभरपाईचा अर्ज केला तर पैसे कधी येतील आणि किती येतील याचा भरवसा नाही. हे खोटं नाही. माझ्यासारख्या ठाणे शहरात पगारावर जगलेल्या माणसाने त्याला प्राणिमात्रांवर प्रेम कर म्हणून शिकवू नये.

शेतात घुसणाऱ्या डुकरासाठी वनखात्याकडे रीतसर परवानगी मागायची सोय आहे, ती त्याने कधी मागितली नाही. बरं, तेही सोडलं. माघात खाचरं रिकामी असतात. राखायला काहीच नसतं. आणि जीपमधल्या पोत्यात डुक्कर नव्हतं, भेकर होतं, लहानसं हरीण. भेकराने त्याचं काय खाल्लं होतं? गाडी शहरातली, बंदूक शहरातल्या माणसाची, आणि मटण जाणार होतं कुणाच्यातरी फार्महाउसवर. काकाला रान माहीत म्हणून त्याला सोबत घेतलं. त्या लोकांना भूक नव्हती, शेत नव्हतं, भीती नव्हती. त्यांना फक्त मारल्याची गोष्ट सांगायची होती. त्यांच्यासाठी माझ्याकडे एकही मऊ शब्द नाही.

काका मला म्हणाला, "तू दर रविवारी बोकड खातोस ते चालतं का रे?" मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. रात्री त्यावर विचार करत पडलो होतो. बोकड मरतो, भेकरही मरतं, जीव दोघांचा सारखाच जातो. पण बोकड कापणाऱ्याला समोर काय आहे ते माहीत असतं. नर आहे, वय किती, आजारी आहे का, सगळं हात लावून बघितलेलं असतं. दूध देणारी शेळी कुणी उगाच कापत नाही. रात्री गाडीतून बॅटरी मारली की दिसतात फक्त दोन डोळे. जनावर उजेडाने थिजून उभं राहतं आणि डोळे चमकतात, बाकी सगळा अंधार. नर की मादी, गाभण की लेकुरवाळी, काही कळत नाही, आणि बार काढणाऱ्याला ते कळून घ्यायचंही नसतं. माझं शिकारीशी भांडण आहे ते इथे. आपण कुणाला मारतोय हे बघायचीसुद्धा ज्याला गरज वाटत नाही, त्याला मारायचा काय हक्क?

तुझं भेकर मादी होती. आचळात दूध होतं असं डॉक्टरांनी लिहिलंय, दादाने सांगितलं. भेकराला एका वेळी एकच पाडस होतं. त्याचं पुढे काय झालं ते तू कुणाला सांगितलं नाहीस आणि मीही विचारत नाही.

आबांच्या काळी असं नव्हतं, असं काकू म्हणते. काकू तेव्हा आपल्या घरात आलेलीच नव्हती. मी होतो. आबांकडे ठासणीची बंदूक होती. गावाची पारध निघायची, हाक्याला पोरंटोरंसुद्धा जायची, डबे वाजवत, "हुर्रर्र हुर्रर्र" ओरडत. डुक्कर पडलं की ओटीवर पळसाची पानं मांडून वाटे घालायचे. बंदूकवाल्याचा वाटा मोठा, हाकेकऱ्यांचे सारखे, कुत्र्यांच्या मालकालाही एक, आणि ज्या घरात कर्ता माणूस नाही त्या घरीही एक पान जायचं. आजी ते पान पदराखाली झाकून नेऊन द्यायची, घेणारीला लाज वाटू नये म्हणून. मला ते दिवस फार आवडायचे, खोटं कशाला बोलू. बंदुकीच्या दारूचा वास हातांना दुसऱ्या दिवशीपर्यंत यायचा.

पण पूर्वीच्या शिकारीला नियम होते असं जे सगळे सांगतात ना, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पावसाळ्यात जायचं नाही, पिलावळ असते, हा आबांचाच नियम. आणि मी चौथीत असताना ऐन श्रावणात तालुक्याहून कुणी साहेब पाहुणे आले, तेव्हा आबाच बंदूक घेऊन पुढे झाले. पाहुणा मोठा असला की नियम लहान व्हायचा. म्हणून त्या जुन्या शिकारीच्या आठवणींवर मी हल्ली फारसा विसंबत नाही. तेव्हा एकच गोष्ट खरोखर वेगळी होती. जनावराला पळायला जागा होती. आता एका अंगाला नाशिक हायवे, दुसऱ्या अंगाला समृद्धी, मध्ये भातसा, तानसाची धरणं आणि जिथे तिथे प्लॉटिंगची कुंपणं. हाका घातला तर पळणार कुठे ते?

मागे तू सुट्टीला आलीस तेव्हा गस्तीत सापडलेलं फासकं पिशवीतून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलंस आणि आई ओरडली होती. नंतर तू आत गेल्यावर मी ते हातात घेऊन बघितलं. मोटरसायकलची क्लच वायर. एका टोकाला सरकती गाठ, दुसरं टोक खुंटाला बांधायचं. वायरीच्या पिळात करडे केस अडकले होते आणि एका जागी तारेचा पीळ उसवून धागे बाहेर आले होते, जनावराने जोर लावलेला तिथे. माझ्या गाडीला मी तीच वायर कितीदा बदललीय. लावणारा डुकरासाठी लावतो आणि निघून जातो. मग बिबट्याची कंबर अडकली काय किंवा कुणाचं कुत्रं अडकलं काय, तो तिथे नसतोच. पुन्हा तेच बघ, कोण मरतंय याची विचारपूसच नाही.

पालघरची बातमी तू वाचलीच असशील. २०२५ च्या सुरुवातीची. डुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी आपल्यातल्याच एकाला डुक्कर समजून गोळी घातली, आणि घाबरून मृतदेह झुडपात लपवला. सोबत निघालेली, एकमेकांना ओळखणारी माणसं. त्यांना आपला माणूस ओळखता आला नाही. तुझ्या हातातली बॅटरी लांबून कशी दिसत असेल?

लिहायचं नाही ठरवलं होतं, तरी लिहिलं.

वागळे इस्टेटमध्ये सेफ्टीचं सामान मिळतं त्या दुकानातून मी तुझ्यासाठी चमकत्या पट्ट्यांचं जाकीट आणलंय. तुझं उत्तर मला माहीत आहे, "बाबा, ते घातलं तर चोर लांबूनच बघून पळून जातील." पळू देत की! पळून गेले तर त्या रात्री एक जनावर वाचलं, आणि तूही घरी आलीस. पकडणं महत्त्वाचं असतं, वचक बसतो, पुढचे दहा जण थांबतात, हे तू म्हणणार आणि ते बरोबर असणार. तरीही घाल. निदान गाडी थांबवायला रस्त्यावर उभी राहशील तेव्हा घाल. लहान मुलीला बजावल्यासारखं बजावतोय, राग मानू नकोस. २०१९ साली समतानगरात बिबट्या शिरला होता, कोरम मॉलच्या आवारात दिसला आणि मग हॉटेलच्या तळघरात सापडला, तेव्हा तू क्लास बुडवून तिथे गेली होतीस. सगळे मोबाइल वर करून उभे होते आणि तू अनोळखी माणसांच्या अंगावर ओरडत होतीस, "मागे व्हा, त्याला वाट द्या." शेजारच्या जोशीकाकूंनी येऊन आम्हाला सांगितलं. आई रागावली. मी रागावल्याचं सोंग केलं. त्या दिवशीच मला कळलं होतं की ही बँकेच्या परीक्षा काही देत नाही.

आता शेवटचं, आणि खरं तर याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं. जीपमध्ये पाचवा जो होता, वाडीवरचा कातकरी, त्याचं काय? काकाला सातबारा लावून जामीन मिळाला. शहरातले तिघे वकील घेऊन आले आणि संध्याकाळी घरी गेले. तो अजून आत आहे, कारण त्याला जामीन राहणारं कुणी नाही. त्याची बायको दोन मुलं घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर आहे असं दादा म्हणाला. त्याला माग काढता येतो म्हणून दोनशे रुपये आणि आतड्याकोथळ्याच्या वाट्यावर नेलं होतं. गुन्हा त्यानेही केला, तू त्याचंही नाव लिहिलंस, ते लिहायलाच हवं होतं. पण त्या पाचांमध्ये ज्याच्या घरी ते मटण खरोखर शिजलं असतं आणि पोटात गेलं असतं असा तो एकटाच. तो एकटाच आत राहावा, हे मला बघवत नाही. तुलाही बघवत नसणार. रविवारी तू जेवली नाहीस ते नुसतं माझ्यामुळे नसावं असं मला नंतर वाटलं.

तर मी असं ठरवलंय की सोमवारी शहापूरच्या कोर्टात जाऊन त्याला जामीन राहायचं. आपल्या घराची टॅक्सची पावती आणि पेन्शनचे कागद काढून ठेवलेत. वकील म्हणाले चालेल. आईला अजून सांगितलेलं नाही. काकूला कळलं की सख्ख्या भावाला सोडून परक्यासाठी गेले म्हणून बोंब होईल, ती मी सोसेन. तुझं नाव कुठे घेणार नाही. पण गुन्हा नोंदवणाऱ्या वनरक्षकाचा बाप आरोपीला जामीन राहिला, यावरून तुझ्या साहेबांपुढे तुला त्रास होणार असेल, किंवा केस कच्ची होणार असेल, तर आधी सांग. मग मी दादाच्या ओळखीतलं दुसरं कुणी बघतो. रविवारी रात्रीपर्यंत कळव. नुसतं हो किंवा नाही लिहिलंस तरी चालेल.

जाकीट सोमवारी सोबत आणतोय. आईने मेथीचे लाडू केलेत, तेही.

तुझे,
बाबा