हातोडा पुरे, आता लघुलेखक दाखवा

महोदय,

मालिका असो की चित्रपट, कोर्टाचा प्रसंग आला की न्यायाधीशांच्या हातात लाकडी हातोडा आणि साक्षीदाराच्या हाताखाली गीता ठरलेली. मुंबईत किल्ला कोर्टापासून दिंडोशीपर्यंत कुठल्याही दालनात डोकवा, हातोडा दिसणार नाही. शपथेला ग्रंथही लागत नाही. १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे ईश्वराला स्मरून किंवा नुसती प्रतिज्ञा करून खरे सांगेन म्हटले की भागते. असो, हातोड्याने कुणाचे नुकसान होत नाही.

साक्ष कशी चालते याची चुकीची समजूत मात्र महागात पडते. पडद्यावर साक्षीदार भाषण करतो, वकील ओरडतो, मागचे बाक टाळ्या वाजवतात. प्रत्यक्षात साक्षीदार वाक्य-दोन वाक्ये बोलतो, न्यायाधीश ती लघुलेखकाला सांगतात, ती टंकित होतात आणि मग पुढचा प्रश्न येतो. अपिलात उच्च न्यायालय वाचते ते हे कागद. साक्षीदार कसा वागला याची नोंद न्यायाधीशांना करता येते, पण रडण्याचा आवाज कागदावर उमटत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) न्यायाधीश असेच सांगून लिहून घेतात. अनेकांना तो चित्रपट संथ वाटला. सत्र न्यायालय त्याहून संथ असते.

खटले कोसळतात ती जागा तर पडद्यावर येतच नाही. उलटतपासात बचावाचे वकील पोलिसांनी घेतलेला जबाब हातात धरून शांतपणे विचारतात, ‘हे तुम्ही पोलिसांना सांगितले होते का?’ साक्षीदार म्हणतो, हो. ‘मग जबाबात का नाही?’ त्यावर ठरलेले उत्तर: ‘त्याचे कारण सांगता येणार नाही.’ पुढे तपास अधिकारी साक्षीला येतो, त्यालाही तेच विचारतात आणि तो सांगतो की साक्षीदार असे बोलला नव्हता. झाली वगळणूक, म्हणजे ही गोष्ट जबाबात नव्हतीच हे, सिद्ध! मुद्दा महत्त्वाचा असेल तर ते विधान मागाहून सुचलेले ठरते. असे का होते? जबाब पोलिसाच्या भाषेत लिहिलेला असतो, कायद्याने त्यावर साक्षीदाराची सही घेत नाहीत आणि साक्षीची पाळी येते काही वर्षांनी. सिनेमे पाहून आलेला साक्षीदार तोवर मनाने दोन वाक्ये वाढवून बसलेला असतो. सरकारी वकिलांना सरतपासात (आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारताना) सूचक, म्हणजे उत्तर सुचवणारे, प्रश्न विचारण्याची सहसा मुभा नसते, त्यामुळे त्याला सावरूनही घेता येत नाही.

ऐनवेळी दार ढकलून येणारा साक्षीदारही असाच पडद्यापुरता. नवा साक्षीदार बोलावण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण त्यासाठी अर्ज, त्यावर समोरच्याचे म्हणणे, आदेश, समन्स आणि मग उलटतपासाची संधी, इतके सोपस्कार लागतात.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधल्या लुटुपुटूच्या खटल्यात साक्षीदार सामंत खिशातली कादंबरी उघडून साक्ष देतो आणि आरोपी बेणारेला बचावासाठी दहा सेकंद मिळतात. तिथे हा उलटा कारभार हाच नाटकाचा मुद्दा आहे, म्हणून त्याला चूक म्हणता येत नाही. खऱ्या खटल्यात सरकार पक्षाचा पुरावा संपला की आरोपीविरुद्धची एकेक गोष्ट त्याच्यापुढे ठेवून, शपथ न देता, त्याचे म्हणणे नोंदवतात (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३१३, आता नागरिक सुरक्षा संहितेचे ३५१). एखादी महत्त्वाची गोष्ट विचारायची राहून गेली आणि त्याने आरोपीचे नुकसान झाले, तर ती त्याच्याविरुद्ध वापरणे अवघड होते. अपिलात यावरून निकाल फिरलेले आहेत. एवढा नाट्यमय टप्पा पटकथाकार का सोडतात, कळत नाही.

आता सिनेमातली ‘दफा ३०२’, म्हणजे जुन्या दंड संहितेचे खुनाचे कलम. खून १ जुलै २०२४ पासूनचा असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०३, त्याआधीचा असेल तर आजही ३०२. तेव्हा लेखकाने आधी कथेतल्या खुनाची तारीख ठरवावी.

बलात्कार आणि पोक्सोचे (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांचे) खटले सोडले तर बहुतेक सुनावण्या खुल्या असतात. पटकथा लिहिण्याआधी एक दिवस मोबाइल बंद करून मागच्या बाकावर बसायला कुणाची हरकत नाही. दिवसभरात बहुधा एकच साक्षीदार, तोही अर्धवट, आटोपेल आणि पुढची तारीख पडेल. तेही लिहून घ्यावे.

– एक वकील, गिरगाव, मुंबई