बिर्ला साहेब, बिलं जरा स्थायी समितीकडे पण पाठवा की!

नमस्कार लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला साहेब,

आमच्या सोसायटीत लिफ्ट बदलायची होती, तर आधी कमिटी नेमली, तीन कोटेशनं मागवली, दोन महिने भांडलो आणि मग कुठे चेकवर सह्या झाल्या. तिकडे लोकसभेत मात्र डेटा प्रोटेक्शनचं, म्हणजे लोकांची खासगी माहिती जपण्याचं बिल ३ ऑगस्ट २०२३ ला आलं, ७ ला पास, ९ ला राज्यसभेतूनही बाहेर! आधीच्या २०१९ च्या बिलावर दोन्ही सभागृहांच्या खासदारांच्या संयुक्त समितीने दोन वर्षं घासून ८१ दुरुस्त्या सुचवल्या होत्या, ते सरकारने मागे घेतलं आणि नवीन आणलं ते कुठल्याच समितीकडे पाठवलं नाही.

लोकांना वाटतं खासदार म्हणजे टीव्हीवर दिसतो तो, बाकं वाजवणारा नाहीतर अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, वेलमध्ये, उतरून गोंधळ घालणारा. पण खरं काम स्थायी समितीत, म्हणजे एकेका खात्याचं काम आणि बिलं तपासणाऱ्या खासदारांच्या कायम समितीत होतं हो. अशा २४ समित्या, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०, मंत्र्यांना मेंबर होता येत नाही आणि कॅमेरा नाही, म्हणून तर पक्षाचा झेंडा जरा बाजूला ठेवून सचिवांना नीट प्रश्न विचारता येतात. समितीने फरक पडतो का? सरोगसीचं बिल बघा. लोकसभेने पास केलं तेव्हा सरोगेट आईला १६ महिन्यांचा विमा होता, राज्यसभेच्या प्रवर समितीने (त्या एका बिलासाठी नेमलेल्या) ३६ सुचवला आणि २०२१ च्या कायद्यात ३६ च आला. त्या बाईसाठी ही काय छोटी गोष्ट आहे का?

संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या आकड्यांनुसार १५व्या लोकसभेत ७१ टक्के बिलं समित्यांकडे गेली आणि १७व्या लोकसभेत १६ टक्के, आणि तेव्हाही खुर्चीवर तुम्हीच होतात. मान्य, आता वक्फ आणि इन्कम टॅक्सची बिलं समितीकडे गेली, पण त्यासाठी प्रत्येक वेळी वेगळी समिती बनवली, मग या २४ कशाला आहेत?

शिवाय या समित्यांची मुदत एकच वर्ष. आमच्या खासदाराला खात्याचे कागद वाचता येईपर्यंत समिती बदलायची वेळ येते (तेही वाचले तर, असो).

बिल स्थायी समितीकडे पाठवायचा अधिकार नियमाने तुमच्याकडे किंवा राज्यसभेच्या सभापतींकडे आहे. या पत्राला उत्तर नाही दिलंत तरी चालेल, पुढच्या अधिवेशनात लोकसभेच्या बुलेटिनमध्ये तशी नोंद दिसते का ते मी बघत बसणार आहे.

तुमचा,
एक मतदार, पुणे