पिठात सापडलेली नोट

प्रिय नंदा,
सप्रेम नमस्कार.

गणपतीत भेटू म्हणाले होते, ते राहूनच गेले. त्यानंतर तुझे दोन फोन आले, तेही मी घेतले नाहीत. प्रकृती ठीक आहे, गुडघा अधूनमधून दुखतो, एवढेच. आज लिहायला बसले आहे, कारण जाफन्यात एक गोष्ट घडली, आणि ती तुझ्याखेरीज कोणालाही सांगितली तर त्याला ती नुसती खाण्यापिण्याची हकीकत वाटेल.

श्रीलंकेला निघताना मी एकच हट्ट धरला होता, तो म्हणजे जाफन्याचे ओडियल कूळ, तिथले मासळीचे दाट सार, प्यायचे. (उच्चार आपल्या कुळासारखाच. वन्संना सांगितले तर त्या लगेच कुळकायदा काढतील.) कोलंबोत ज्या ज्या तमिळ माणसाला विचारले त्याचा चेहरा खुलला, पण प्रत्येकाने शेवटी आपल्या आजीच्या घराकडे बोट दाखवले. यालदेवी गाडीने मी उत्तरेला गेले. युद्धामुळे १९९० मध्ये बंद पडलेली ही गाडी २०१४ साली पुन्हा जाफन्यापर्यंत जाऊ लागली, हे शेजारच्या प्रवाशाने घरातले कोणी परत आल्यासारखे सांगितले. जाफन्यात दोन हॉटेलांत विचारले, तर दोन्हीकडे "आज नाही" हेच उत्तर मिळाले.

जिथे खोली घेतली होती त्या घरच्या अम्मांना मी हे बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, कूळ दोघातिघांसाठी होत नाही. मुले टोरांटोला गेल्यापासून मोठे भांडे माळ्यावरच आहे. मी तिथेच थांबायला हवे होते. पण मी म्हणाले, "थोडेसेच केले तर?" हा प्रश्न मी विचारला नसता तर बरे झाले असते, असे आता रोज वाटते. कारण थोडेसे कूळ म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते आणि त्यांना होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे भांडे खाली उतरले. ताडाच्या बिया वाफ्यात पुरून त्यांना जे कोंब फुटतात ते खणून, चिरून, उन्हात कडकडीत वाळवतात. ते ओडियल. त्याचे पीठ कडवट असते, म्हणून अम्मा ते पाण्यात भिजवीत, निवळ ओतून टाकीत आणि पुन्हा पाणी घालीत. तिसऱ्या वेळी त्यांनी बोटावर घेऊन चाखले आणि मान हलवली. मग मोठ्या भांड्यात मूठभर तांदूळ, फणसाच्या आठळ्या, टॅपिओकाचे कंद, चवळीच्या लांब शेंगा, पाठोपाठ खेकडे, कोळंबी, माकुल आणि माशाचे डोके, शेवटी वाटलेली लाल मिरची, चिंचेचा कोळ, शेवग्याचा पाला आणि ते पीठ. सगळे दाटून आले तेव्हा अंगणात अकरा माणसे होती. शेजारच्या अक्का, त्यांची नातवंडे, मला स्टेशनवरून आणणारा रिक्षावाला. ताडाच्या पानाच्या द्रोणातून गरम गरम पिताना आधी आंबट लागते, मग तिखट घशापर्यंत जाते, आणि सर्वांत शेवटी त्या पिठाची मातकट, किंचित कडसर चव जिभेवर राहते. तू असतीस तर खेकड्याचा मोठा डेंगा पुन्हा पळवला असतास आणि आपण पुन्हा भांडलो असतो.

अम्मा मात्र बसल्या नाहीत. सगळ्यांचे झाल्यावर त्यांनी उभ्यानेच अर्धा द्रोण घेतला आणि भांड्यात डोकावून, किती उरले आहे ते पाहत राहिल्या. बरेच उरले होते.

निघताना खोलीच्या हिशेबापलीकडे मी ५,००० श्रीलंकन रुपयांची नोट उशीखाली ठेवली. हातात दिली असती तर त्यांनी घेतली नसती, हे मला कळत होते, आणि तरीही मी ठेवली. त्यांनी वर्तमानपत्रात बांधलेली ओडियल पिठाची पुडी माझ्या पिशवीत घातली, गालाला हात लावला. परवा घरी ती पुडी सोडली, तर पिठात चार घड्या घातलेली तीच नोट होती. घड्यांच्या आत पीठ बसले आहे, अजून झटकलेले नाही.

आता तुला सगळे आठवले असेल. पोपटीची ती रात्र, शेताच्या बांधावरचे ते मडके, भांबुर्डीच्या पाल्याचा वास, काकूंनी माझ्या ऑफिसातल्या सहाही जणींना आग्रहाने वाढलेल्या वालाच्या शेंगा आणि अंडी, आणि दुसऱ्या दिवशी तुला मिसळणाच्या डब्याखाली सापडलेले माझे पैसे. "माझ्या आईचे घर खानावळ नाही," असे तू म्हणालीस आणि आठ महिने माझ्याशी बोलली नाहीस. मी इतकी वर्षे मनात धरून होते की तू उगाच ताणलेस. एवढ्या माणसांचा खर्च काकूंवर पडू नये, इतकाच माझा हेतू होता. हेतू तोच होता, नंदा, आजही मी तेच म्हणेन. पण जाफन्यातही हेतू तोच होता.

मला काळजी लागली आहे ती ही, की अम्मांना मी दुखावले का. मुलांसाठीचे भांडे त्यांनी माझ्यासाठी खाली काढले, आणि मी उशीखाली त्याचे मोल ठेवून आले. फोन करावा, तर त्या हसून विषय बदलतील. काही वस्तू पाठवावी, तर तीही परतफेडच दिसेल. नुसते पत्र लिहावे, तर त्यात नोटेचा उल्लेख करावा की करू नये, इथेच तीन दिवस अडले आहे.

तुझ्या बदलीचे काय झाले? दादाला नमस्कार. धाकटीला सांग, तिची स्वेटरची लोकर आणून ठेवली आहे.

एक गोष्ट मी तुला कधी विचारली नाही, कारण त्या वेळी आपण बोलतच नव्हतो. रागावलीस ती तू. काकू मला पुढे भेटल्या त्या नेहमीसारख्याच. डब्याखालचे ते पैसे पाहिल्यावर त्या स्वतः काय म्हणाल्या होत्या? जसे म्हणाल्या तसेच लिही, मला बरे वाटावे म्हणून काही गाळू नकोस. तुझे उत्तर आले की मगच मी अम्मांना लिहीन.

तुझी,
शालू