बाबांच्या रक्ततपासणीबद्दल आई-बाबांना पत्र

पुणे,
12 जानेवारी

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला 'हार्ट पॅकेज'चा अहवाल मी नीट वाचला. ट्रोपोनिनपुढे 'सामान्य' असे छापलेले पाहून तुम्ही हृदयरोगतज्ज्ञांकडे जाण्याचा बेत रद्द केलात आणि त्याच पानावर सीआरपीचा 11.4 हा आकडा ठळक अक्षरांत पाहून आईची झोप उडाली, असे दादाकडून कळले. माझे म्हणणे नेमके उलट आहे. सीआरपीची सध्या चिंता करू नका, आणि ट्रोपोनिनच्या भरवशावर मुळीच राहू नका. फोनवर हे धड सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन आहे. स्नायूचे आकुंचन-प्रसरण त्याच्या आधाराने चालते आणि निरोगी माणसाच्या रक्तात ते अगदी नगण्य असते. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी अचानक बंद होऊन स्नायू मरू लागला, की पेशी फुटतात, हे प्रथिन रक्तात उतरते, काही तासांत त्याचा आकडा चढतो आणि पुढे आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त दिवस चढलेलाच राहतो. म्हणूनच छातीत कळ आलेला रुग्ण दाखल झाला, की आमच्या प्रयोगशाळेत त्याच्या रक्ताची एकच नळी येऊन भागत नाही. एक ते तीन तासांनी दुसरी येते आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून आकडा हलतो आहे का, हे पाहिले जाते. 2018 साली युरोप-अमेरिकेतील हृदयरोग संघटनांनी मिळून हृदयविकाराच्या झटक्याची जी व्याख्या केली, तीतही या चढ-उतारालाच महत्त्व आहे. थोडक्यात, स्नायूला इजा झाली आहे का, एवढेच ही चाचणी सांगते. धमनी किती अरुंद झाली आहे, हे तिला विचारून उपयोग नाही.

आता तुमची तक्रार पाहा. अंबाझरी तलावाच्या पाळीवर चढताना छाती जड होते, थोडे उभे राहिले की मोकळी होते, आणि थंडीच्या सकाळी किंवा जेवणानंतर चाललात तर लवकर होते. धमनी अरुंद झालेल्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. बसलेले असताना हृदयाला लागेल तेवढे रक्त मिळते, चढावर गरज वाढते आणि पुरवठा अपुरा पडतो. थांबलात की पुन्हा हिशेब जुळतो. त्या काही मिनिटांत स्नायूची ओढाताण होते, पण तो मरत नाही, आणि पेशी फुटल्या नाहीत तर रक्तात ट्रोपोनिन येणार कुठून? धमनी सत्तर टक्के अरुंद झालेल्या माणसाचा ट्रोपोनिनही सामान्य येऊ शकतो. तुमचे रक्त तर सकाळी घरी, खुर्चीत बसवून काढले होते. त्या अहवालाच्या आधारे चढावरच्या दुखण्याला क्षुल्लक ठरवणे मला अजिबात मान्य नाही.

आई, तुझ्या सीआरपीच्या भीतीविषयी. हे प्रथिन यकृतात तयार होते आणि शरीरात कुठेही दाह असला तरी वाढते. 1930 साली न्यूयॉर्कमध्ये ते प्रथम सापडले, तेही न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. हृदयाच्या दृष्टीने लिटरमागे 1 मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे धोका कमी, 1 ते 3 मध्यम आणि 3 च्या वर जास्त, असे मानतात. मात्र आकडा 10 च्या वर गेला, की आधी संसर्ग शोधायचा असतो. बाबांना त्याच आठवड्यात ताप आणि खोकला होता, तेव्हा 11.4 चे कारण समोरच दिसते आहे. खोकला पूर्ण बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ही चाचणी पुन्हा करू. चाचणी निरुपयोगी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या 'ज्युपिटर' या अभ्यासात एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, फारसे वाढलेले नसूनही सीआरपी 2 किंवा त्याहून जास्त असलेले 17,802 लोक होते, आणि रोसुवास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध घेणाऱ्यांमध्ये झटक्यांचे प्रमाण स्पष्टपणे कमी झाले होते.

पॅकेजमध्ये सीके-एमबी ही हृदयस्नायूची इजा दाखवणारी जुनी चाचणीही होती. ट्रोपोनिन केल्यावर तिने फारशी भर पडत नाही, आणि आपल्या घराला ज्या दोन चाचण्या खरोखर हव्यात, त्या मात्र त्यात नाहीत. एक लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण. नॉर्वेतील कोरे बर्ग यांनी 1963 साली शोधलेला हा घटक मुख्यतः आनुवंशिक असतो, पथ्यपाण्याने फारसा बदलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा तपासला तरी बहुधा पुरतो. डेसीलिटरमागे 50 मिलिग्रॅमच्या वर असला तर धोका वाढतो. धाकट्या काकांना पंचेचाळिशीच्या आतच झटका आला होता, त्यामुळे बाबांबरोबर दादाने आणि मीही ही चाचणी करून घ्यायची आहे. दुसरी ॲपोबी. धमनीच्या भिंतीत शिरणाऱ्या कोलेस्टेरॉलच्या प्रत्येक कणावर या प्रथिनाचा एकच रेणू असतो, त्यामुळे असे कण किती आहेत हे त्यावरून कळते.

आई, नुसत्या रक्तावरून ब्लॉक कळत नाही का, असे तू विचारले होतेस. तसे प्रयत्न चालू आहेत. 2017 साली बॉस्टनच्या संशोधकांनी मिडकाइन, ॲडिपोनेक्टिन यांच्यासह चार प्रथिने आणि रुग्णाची थोडी माहिती एकत्र करून मोठे अडथळे ओळखण्याची पद्धत मांडली, आणि तिचे निकाल आशादायक होते. तरीही आज निदानासाठी ईसीजी, इको, ट्रेडमिल आणि गरज पडल्यास सीटी किंवा नेहमीची अँजिओग्राफी, याच वाटेने जावे लागते. त्यातले काय करायचे ते तज्ज्ञ ठरवतील. आणि तुलाही मधुमेह आहे, हे विसरू नकोस. मधुमेहात छातीत दुखेलच असे नाही. दम लागणे, जबडा दुखणे किंवा अकारण थकवा एवढेच जाणवू शकते. असे काही झाले तर ते घरकामाच्या दगदगीवर ढकलू नकोस.

रामदासपेठेतील हृदयरोगतज्ज्ञांची गुरुवारी सकाळी अकराची वेळ दादाने घेतली आहे. सोबत हा अहवाल, मागचे ईसीजी आणि चालू गोळ्यांची पाकिटे न्या. बाबा, छाती कधी, किती चालल्यावर जड होते आणि किती वेळात मोकळी होते, हे आजच कागदावर लिहून ठेवा. डॉक्टरांना या अहवालापेक्षा त्या कागदाचा उपयोग जास्त होईल. तोपर्यंत पाळीवर चढणे बंद. बसल्या जागी दुखू लागले, थांबूनही ओसरले नाही किंवा घाम फुटला, तर लॅबला फोन न करता थेट 108 ला करा, आणि कितीही बरे वाटत असले तरी स्वतः स्कूटर काढू नका.

मी बुधवारी रात्रीच्या गाडीने निघते आहे. तिला उशीर झाला तरी माझ्यासाठी थांबू नका. दादाबरोबर वेळेवर निघा, मी स्टेशनवरून थेट दवाखान्यातच येईन.

तुमची,
मनू