दुबळे पिल्लू टाकले म्हणून रक्त सुधारत नाही

महोदय,

कळप जगवायचा, जोड्या लावायच्या आणि पुढची पिढी घडवायची, असे जनुकांवर बेतलेले संगणकी खेळ आता आपल्या सीमाभागातली मुलेही खेळतात. पालकांची तक्रार एकच: आजारी पिल्लू उपाशी ठेव, म्हातारे जनावर कळपाबाहेर हाकल, भावाबहिणीची जोडी लाव, हे कसले खेळ? या कठोरपणाबद्दल आमची तक्रार नाही. निपाणी-चिकोडीकडच्या मेंढरांच्या वाड्यात याहून कठोर निर्णय रोजचे आहेत. आमचा मुद्दा एवढाच की मुले कठोर होतात, पण भलत्याच जनावरावर.

स्वित्झर्लंडच्या स्ट्रे फॉन स्टुडिओने २०१७ साली पूर्ण स्वरूपात आणलेला ‘निश’ हा खेळ घ्या. त्यात प्रत्येक प्राण्याला रोगप्रतिकाराची दोन जनुके असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. दोन्ही सारखी आली की पिल्लू आजाराला बळी पडते. खेळणारा काय करतो? मजबूत पंजांचा एक देखणा नर हाती लागला की त्यालाच सगळ्या माद्यांना लावतो. तिसऱ्या पिढीत निम्मी पिल्ले रोगट निघाली की ती मारून टाकतो, आणि नर मात्र तसाच मिरवत असतो.

इथे थोडा हिशेब मांडू. कळपात १२ प्राणी आहेत, १ नर आणि ११ माद्या. पैदाशीच्या गणितात नर गुणिले माद्या, त्याची चौपट, भागिले एकूण संख्या असा हिशेब करतात. उत्तर येते ३.७. म्हणजे १२ तोंडे पोसायची, पण जनुकांच्या दृष्टीने कळप जेमतेम चौघांचा. अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातली पैदास, दर पिढीला साडेतेरा टक्क्यांनी वाढते. त्याच कळपात ४ नर आणि ८ माद्या ठेवल्या की आकडा १०.७ होतो आणि वाढ पावणेपाच टक्क्यांवर येते. चारा तेवढाच लागतो. सख्ख्या भावाबहिणीच्या एका जोडीतून थेट २५ टक्के, सावत्र जोडीतून साडेबारा टक्के अंतःप्रजनन होते, हेही खेळणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

दुसरी चूक अधिक पक्की रुजलेली आहे. रोगट पिल्लू काढले की रोग गेला, असे वाटते. काही रोगांचे जनुक दबलेले असते, म्हणजे आईबाप दोघांकडून आले तरच रोग दिसतो. असे जनुक तेवढ्याने जात नाही. समजा कळपात या जनुकाच्या दर १० प्रतींमागे १ खराब आहे. तर १०० पिल्लांत रोगट दिसेल १, आणि धडधाकट दिसूनही तेच जनुक बाळगणारी, म्हणजे वाहक, असतील १८. ते एकच पिल्लू दर पिढीला नेमाने काढत राहिलात तरी खराब जनुकाचे प्रमाण निम्म्यावर यायला १० पिढ्या लागतात. मेंढरांत म्हणजे साधारण ३० वर्षे! ज्या दोन जनावरांच्या पोटी रोगट पिल्लू जन्मले ती दोन्ही वाहक आहेत, हे त्या पिल्लाने फुकट सांगितलेले असते. नोंद ठेवायची ती आईबापांची.

नरावर संशय असेल तर त्याला वाहक ठरलेल्या माद्या लावाव्या. एकही रोगट न निघता ११ पिल्ले झाली तर नर निर्दोष असण्याचा भरवसा ९५ टक्क्यांच्या वर जातो. तेवढ्या वाहक माद्या नसतील तर त्याच्या स्वतःच्या लेकी लावता येतात, पण मग २३ पिल्ले लागतात. खेळात ही परीक्षा परवडते. वाड्यात ती सहसा परवडत नाही, म्हणून तिथे दर दोन वर्षांनी मेंढा बदलतात, म्हणजे बापाला स्वतःच्या लेकी लागत नाहीत. नर कोकरे चौथ्या महिन्यात वेगळी काढावी लागतात. पाचव्या-सहाव्या महिन्यातले कोकरूही मेंढी गाभण करू शकते, आणि सगळी वंशावळ तिथेच विस्कटते. चिंचलीच्या यात्रेत वळू बघणारे दात, खूर, खांदा सगळे तपासतात. आजोळ फारसे कोणी विचारत नाही.

पिल्ले जास्त म्हणजे कळप सुखी, हाही खेळातला भ्रम. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गरोळ मेंढीतले जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत आणले. मेंढीत या जनुकाची एकच प्रत असली की जुळी होतात आणि बहुधा निभतात. दोन्ही प्रती आल्या की तिळीही होतात. मेंढीला सड दोनच, दूध अपुरे पडते आणि जन्मतः हलके असलेले कोकरू आधी जाते. खेळातही अन्नाचा साठा पाहूनच पुढची जोडी लावावी.

‘निश’मध्ये कळप एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेताना मोजकेच प्राणी बरोबर नेता येतात, तेव्हा सगळ्यात ताकदवान निवडू नयेत. प्रतिकाराची जनुके एकमेकांशी जुळत नाहीत असे निवडावेत, त्यातला एखादा लंगडा असला तरी चालेल. बाहेरून भटकत आलेला प्राणी दिसायला सुमार असला तरी त्याची जनुके तपासल्याशिवाय हाकलून देऊ नये.

आणि वाहक नराला मारायची गरज नसते. वाड्यात असा मेंढा खच्ची करून बाजाराला जातो. खेळात त्याची जोडी फक्त लावायची नाही. अन्न गोळा करायला तो इतर कोणाइतकाच उपयोगी पडतो.

पशुपैदाशीच्या कामातले काही वाचक,
निपाणी