क्रँक नवा टाकायचा की घासायचा

नागपूर, वाडी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आपल्या ट्रॅक्टरच्या क्रँकबद्दल, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनातल्या मुख्य दांड्याबद्दल, शुक्रवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "नवाच टाकू, विषय संपव." नंतर आईने हळूच सांगितलं, की त्यासाठी संत्र्याचे बाजूला ठेवलेले पैसे काढायचं ठरलंय. म्हणून मी तेव्हा हो-नाही काहीच बोलले नाही. आता सगळं मोजून झालंय, तर सविस्तर लिहिते.

काटोलहून पिकअपमध्ये आलेला क्रँक इतका तापला होता की हात लावता येत नव्हता. त्या दिवशी मोजलाच नाही. 60 मिलिमीटरची पिन, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये बसणारा गोल भाग, 20 अंशांनी तापली तरी एक शतांश मिलिमीटरहून जास्त मोठी दिसते, आणि आपला सगळा हिशोब शतांशांचाच आहे. रात्रभर खोलीत ठेवला, सकाळी पुसून मायक्रोमीटर लावला. कंपनीत दिवसभर हेच करते, तरी हा आपल्या घरचा, म्हणून प्रत्येक पिन तीन-तीनदा मोजली.

मेन जर्नल, म्हणजे इंजिनच्या ब्लॉकमध्ये क्रँक ज्यांवर फिरतो ते गोल भाग, चारही बरे आहेत. बिग एन्डच्या, म्हणजे पिस्टनचे दांडे जिथे जोडतात त्या, तीन पिनांपैकी मधली खराब आहे. एका बाजूने मोजली की एक माप, 90 अंश फिरवून मोजली की 9 शतांश कमी, म्हणजे केसाएवढी लंबगोल झालीय. नखाने चाचपलं तर ओरखड्यात नख अडकतं. लोडवर येणारा तो दबका ठकठक आवाज इथलाच. जुन्या बेअरिंगच्या पाठीवर 0.25 कोरलेलं आहे, म्हणजे पिन पाव मिलिमीटर घासून तेवढं जाड बेअरिंग टाकलेलं आहे; आपला मिस्त्री ज्याला दहाची साइज म्हणतो, ती आधीच एकदा मारून झालीय. आता 0.50 ला, म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी, घासला तर तो ओरखडा पूर्ण निघतो, आणि त्या साइजची बेअरिंग बाजारात मिळतात.

पण घासण्याआधी तडा बघणं महत्त्वाचं होतं. कामठी रोडच्या एका वर्कशॉपमध्ये चुंबकाने तपासून घेतला. वर लोखंडाची भुकटी ओततात. तडा असला की ती त्याच्या रेषेवर जमा होते. पिन जिथे वेबला, म्हणजे बाजूच्या जाड पाकळीला, मिळते त्या गोलाईत मी स्वतः वाकून पाहिलं, कारण क्रँक तुटतो तो बहुधा तिथूनच. काही नव्हतं. एक जरी रेघ दिसली असती, तर बाबा, मीच तुम्हाला नवा घ्या म्हटलं असतं, पैसे कुठूनही उभे केले असते. वाकडेपणा दाखवणारा डायल लावून फिरवूनही पाहिला, वाकलेला नाही.

म्हणून माझं मत घासण्याचं आहे. ग्राइंडिंग आणि बेअरिंग धरूनही नव्याच्या एक तृतीयांशाच्या आत काम होतं. शेजारच्या काकांनी सांगितलं तसं वेल्डिंगने पिन भरून मात्र अजिबात घ्यायची नाही. त्या उष्णतेने क्रँक वाकू शकतो, आतून तडकू शकतो, आणि भर नांगरणीत तुटला तर ब्लॉकही फोडू शकतो. घासणाऱ्याला मी बजावलंय की गोलाई होती तशीच ठेव, कोपरा काढू नको, आणि शेवटी कडकपणा तपासून दे.

आता खरं सांगायचं ते. मधल्या पिनच्या ऑइलच्या भोकात तार घातली तर काळा, चिकट गाळ निघाला, डांबरासारखा, आणि त्यात बेअरिंगची एक चकचकीत कपची. त्या पिनला ऑइल पोचतच नव्हतं. इंजिन तापलं की ऑइलचा दिवा लुकलुकायचा, तोही बहुधा याच गाळामुळे. हे तसंच ठेवून नवा क्रँक बसवला असता, तर तोही असाच गेला असता. म्हणून ऑइल पंप, जाळी आणि ब्लॉकमधले सगळे ऑइलचे मार्ग उघडून धुवायचे. यात घाई नको. मृग लागायला अजून तीन आठवडे आहेत.

बाबा, दिवा लागतोय हे तुम्ही दिवाळीतच सांगितलं होतं. मी "ऑइल बदला" म्हणून फोन ठेवला. तेव्हाच यायला हवं होतं, याचं मला फार वाईट वाटतंय.

रविवारी सकाळच्या एसटीने क्रँक आणि बेअरिंग घेऊन येते. तोवर मिस्त्रीला काही जोडू देऊ नका. आई, ब्लॉकवर तुझं जुनं लुगडं टाकून ठेव, अंगणातली धूळ आत जायला नको.

तुमची,
मनू