बेटावरचे कोल्हे

डच हार्बर, अलास्का
१४ फेब्रुवारी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोटोतला कोल्हा बघून तू विचारलंस, "बाबा, हा समुद्राच्या मधोमध आला कसा?" आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. आज वाऱ्यामुळे बोटी बंदरातच आहेत, प्लांटमध्ये मासळी नाही. म्हटलं, सावकाश लिहावं.

हा तांबडा कोल्हा आमच्या उनालास्का बेटावरचा जुना रहिवासी. पलीकडच्या कितीतरी बेटांवर मात्र कोल्हे माणसांनी होडीतून नेऊन सोडले. १७५० मध्ये रशियन लोकांनी अट्टू बेटावर सुरुवात केली. १८६७ मध्ये अलास्का अमेरिकेकडे आला आणि पुढे त्यांच्या फरचा, म्हणजे केसाळ कातड्याचा, रीतसर धंदा झाला. बेट भाड्यानं घ्यायचं, प्रिबिलॉफ बेटांवरचे निळे कोल्हे आणायचे आणि मोकळे सोडायचे. निळे म्हणजे आकाशासारखे नाहीत गं, धुरकट, ओल्या पाट्याच्या रंगाचे. कुंपणाचा खर्च नाही, समुद्र होताच. अलास्काच्या चारशेहून जास्त बेटांवर असे कोल्हे सोडले गेले.

इकडच्या अल्युशियन बेटांवर उनांगन लोकांना, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांना, हिवाळ्यापुरतं उतरवायचे. ते फासे लावून कोल्हे पकडायचे. पण पूर्वेला, प्रिन्स विल्यम साउंडमध्ये किंवा काचेमाकच्या खाडीत, अख्खी कुटुंबं बेटावर राहायला जायची. तरुण नवराबायको, काखेत पोर, आणि बेटावर दुसरं घर नाही. १९२० च्या आसपास शहरातल्या बायकांच्या कोटाला कोल्ह्याची कॉलर हवीच असायची, त्यामुळे भाव चांगला होता. शेती जमेना, सोनं सापडेना, मग कोल्हे पाळू, असं कित्येकांना वाटलं असणार.

आता काम ऐक. उन्हाळाभर सामन मासा पकडायचा, सुकवायचा, खारवायचा. सीलचं मांस मिळालं तर तेही. मग मोठ्या भांड्यात मासळी आणि भरड पीठ शिजवून बेटावरच्या ठरलेल्या खोपट्यांत नेऊन ठेवायचं. मिरकरवाड्याच्या बंदरात कुटी, म्हणजे बारीक मासळी, वाळत असली की तू नाक धरून पळतेस. त्या बेटावरच्या बाईच्या घरात तो वास बारमाही असेल. कोल्ह्यांना खोपट्यात शिरायची सवय लागली, की थंडीत केस दाट झाल्यावर त्याच दाराला सापळा लावायचा. चांगली नर-मादी खूण करून परत सोडायची, बाकीची मारायची. गोळी घालत नसत, कातड्याला भोक पडतं. मग सोलायचं, चरबी खरवडायची, फळीवर ताणून वाळवायचं. वर्षभर ज्याला खाऊ घातलं त्यालाच. लहान मुलांना कोल्ह्याच्या पिल्लांची नावं ठरवू देत असतील का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

तू तीन वर्षांची होतीस तेव्हा इथे आपल्याला घर मिळत होतं. मी नको म्हटलं. आईला अजून वाटतं, मी पैशाचा विचार केला. तसं नव्हतं. इथे दवाखाना आहे, पण मोठं दुखणं निघालं तर विमानानं अँकरेजला न्यावं लागतं, बाराशे किलोमीटरच्या वर, आणि विमान उडेल की नाही ते वारा ठरवतो. तुला तेव्हा सारखा दमा लागायचा. ती कोल्हे पाळणारी माणसं तर टपालाच्या बोटीच्या भरवशावर पोरं वाढवत होती. मी त्यांना धाडसी म्हणू की अविचारी, अजून ठरवलेलं नाही. तू सातवीत असताना पाठ फिरवून माझ्याशी बोलेनाशी झालीस, तेव्हा मात्र वाटलं होतं की न्यायला हवं होतं.

१९२९ नंतर मंदी आली, फरचा भाव पडला आणि एकेक घर रिकामं झालं. माणसं गेली, कितीतरी बेटांवर कोल्हे मागे राहिले. खोपट्यातली मासळी बंद झाली तरी त्यांचं अडलं नाही, कारण इथले समुद्रपक्षी जमिनीवर, बिळांत अंडी घालतात. अल्युशियन बेटांवर तर पहिल्यापासून पक्ष्यांवरच त्यांचं भागत होतं. हा चारा मालकाच्या वहीत कुठेच मांडलेला नसायचा. इथला एक छोटा हंस, आपल्या बदकाहून फार मोठा नाही, सगळीकडून नाहीसा झाला असंच वाटत होतं. १९६२ मध्ये तो बुल्डिर नावाच्या बेटावर सापडला. तिथे कोणी कोल्हे नेलेच नव्हते. लाटा इतक्या, की होडी लावणंच कठीण. मग बेटाबेटावरून कोल्हे काढले, हंस परत नेऊन सोडले, आणि २००१ मध्ये संकटातल्या जातींच्या यादीतून त्याचं नाव निघालं.

हे तुझ्या मत्स्य महाविद्यालयातल्या मावशीला सांग, तिला आवडेल.

सीझन एप्रिलमध्ये संपेल, मग येतो. आजीचे गुडघे कसे आहेत ते तू लिही, आई खरं सांगत नाही. आणि कोल्हा डोळे मिटून का बसलाय, हे विचारलं होतंस ना? झोपलेला नाही तो. समोरून वारा येत होता, माझेही डोळे तसेच होते.

तुझा,
बाबा